जहाजावरचे मेस्त्री

मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. तांबडा समुद्र, काळा समुद्र, बाब-अल-मांदेबची सामुद्रधुनी ही नावं दर वर्षी नव्या वर्गाकडून पाठ करून घेतली. त्या पाण्यावर माणसं रोज कामाला जातात, तिथं त्यांना घाम येतो, भूक लागते, भीती वाटते, हे मात्र कधी माझ्या मनातच आलं नाही. ते कळलं आमच्या घरमालकांमुळं.

घरमालकांचं नाव दिनकर. पण सगळं उद्यमनगर त्यांना मेस्त्री म्हणायचं आणि मीही तेच म्हणत आले. उद्यमनगराच्या मागच्या अंगाला त्यांचं दोन मजली घर. खाली ते आणि सुमनताई, वर मी भाडेकरू. सुमनताई त्यांची बायको. मूलबाळ नव्हतं. मेस्त्री वर्षातले आठ-नऊ महिने जहाजावर आणि उरलेले घरी. जे तीन-चार महिने घरी असत, त्यात गल्लीतला एकही नळ गळत नसे.

माणूस मूळचा मुरगूडकडचा, शेतकरी घरातला. शाळेत मन लागेना म्हणून वडिलांनी कोल्हापुरात एका कारखान्यात चिकटवलं आणि लेथवर हात असा बसला, की ऑइल इंजिनाचे सुटे भाग ते डोळे मिटूनही करतील असं लोक म्हणायचे. एकदा मुंबईच्या एका जहाज कंपनीचा माणूस कुठल्याशा पंपाचा मोडका तुकडा घेऊन आला. त्याचा नकाशा नाही, माप नाही आणि घाई फार. मेस्त्रींनी तो तुकडा हातात फिरवून पाहिला आणि संध्याकाळपर्यंत नवा करून दिला. त्या माणसानं विचारलं, जहाजावर फिटर म्हणून येता का? मेस्त्रींनी एवढंच विचारलं, "लेथ हाय का तितं?" आहे म्हटल्यावर ते तयार झाले. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो जहाजावर चढतानाच.

त्यांची एक सवय होती. कुठलंही यंत्र बिघडलं की आधी ते उघडायचं नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. माझा मिक्सर त्यांनी असाच तपासला. मिनिटभर ऐकून म्हणाले, बेअरिंग गेलंय, अजून दीड महिना चालेल. तो सहा आठवड्यांनी बंद पडला. "लोखंड खोटं बोलत न्हाय बाई," असं ते म्हणायचे, "ऐकणाऱ्याला दम पायजे."

समुद्राबद्दल विचारलं तर त्यांच्याकडं सांगण्यासारखं काही नसे. पाणीच की सगळीकडं, म्हणायचे. जहाज म्हणजे त्यांच्या लेखी बावीस माणसांचं एक गाव होतं. त्या गावात कोण घोरतं, कोणाची बायको बाळंत व्हायची आहे, कोण जेवताना रुसतो, हे सगळं ते सांगायचे. देश बदलले, बंदरं बदलली, तरी गोष्टी गावच्याच.

युद्धाशी त्यांची पहिल्यांदा गाठ पडली ती काळ्या समुद्रावरच्या एका बंदरात. जहाज धान्य भरायला गेलं होतं. तेवढ्यात लढाई सुरू झाली, बंदराच्या तोंडाशी पाण्यात सुरुंग पेरले गेले आणि जहाज आत अडकून पडलं. चार महिने. भोंगा वाजला की सगळ्यांनी धक्क्याजवळच्या एका बेकरीच्या तळघरात जाऊन बसायचं. बेकरी एका म्हाताऱ्या बाईची होती. एके दिवशी तिचं कणीक मळायचं यंत्र बंद पडलं, आतला दांडा मोडला होता. दुकानं बंद, कारागीर लढाईवर गेलेले. मेस्त्री तो दांडा खांद्यावर टाकून जहाजावर घेऊन आले, लेथवर नवा केला आणि दुसऱ्या दिवशी बसवून दिला. तेव्हापासून जहाज सुटेपर्यंत ती म्हातारी रोज सकाळी गरम पावांची पिशवी शिडीपाशी ठेवून जायची. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. हे सांगताना मेस्त्री म्हणाले होते, "तोफा वाजल्या म्हणून सकाळची भूक थांबतीय व्हय? कुणीतरी यंत्र चालू ठेवायलाच पायजे की."

आम्हाला वाटलं, एवढं झाल्यावर आता ते घरीच राहतील. पण सहा महिन्यांत ते पुन्हा गेले.

त्या वेळी जहाज तांबड्या समुद्रातून जाणार होतं. तिकडं मालवाहू जहाजांवर हल्ले होत असल्याच्या बातम्या रोज टीव्हीवर होत्या. सुमनताईंच्या मोबाईलवर जहाज नकाशात ठिपक्यासारखं दिसायचं. सकाळी दूध तापत ठेवलं की त्या ठिपका बघायच्या. मेस्त्रींनी जाताना त्यांना बजावून ठेवलं होतं, की धोक्याच्या पट्ट्यात शिरताना कॅप्टन सिग्नल बंद करतो, म्हणजे हल्ला करणाऱ्याला जहाज सापडू नये. ठिपका थांबला म्हणजे जहाज थांबलं असं नाही. दोन दिवसांनी पुढं कुठंतरी पुन्हा दिसेल.

ठिपका थांबला. दोन दिवस झाले, तीन झाले. तिसऱ्या दिवशी सुमनताई वर आल्या. हाताला भाकरीचं पीठ तसंच होतं. मला नकाशाचं पुस्तक काढायला सांगितलं आणि विचारलं, तिथला समुद्र रुंद किती? मी पट्टी लावून मोजलं. सर्वांत अरुंद जागी तीसेक किलोमीटर असेल, म्हटलं. त्यांनी मनाशी हिशेब केला. "म्हंजी हितनं पन्हाळ्याच्या जरा पुढं," त्या म्हणाल्या. "मग पोहून बी येतील की. विहिरीत शिकल्यात ते."

मी पट्टी हातात धरून तशीच बसले.

त्याच दुपारी टीव्हीवर जहाजाचं नाव आलं. स्फोटकं भरलेली बिनमाणसाची होडी जहाजाच्या मागच्या भागावर येऊन आदळली होती. खलाशांचं काय झालं ते बातमीत नव्हतं. कंपनीच्या मुंबईतल्या ऑफिसात फोन लावला की 'माहिती घेतोय' एवढंच ऐकू यायचं. गल्लीतल्या बायका पाळीपाळीनं येऊन बसत. सुमनताई मात्र सारख्या काहीतरी काम काढत राहिल्या. दोन दिवसांत त्यांनी घरातली सगळी भांडी घासून पुसून पुन्हा लावली.

फोन आला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, परदेशी नंबरावरून. मी शेजारीच होते. पलीकडून एवढंच ऐकू आलं, "सुमन, मी हाय."

सुमनताईंनी विचारलं, "जेवलासा का?"

मग फोन माझ्या हातात देऊन त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडल्या.

मेस्त्री दहा दिवसांनी आले. उजवा हात मनगटापासून प्लास्टरमध्ये, आणि डाव्या कानानं ऐकू येईनासं झालेलं. ते काय घडलं ते सांगतील असं सगळ्यांना वाटत होतं, पण ते सांगेनात. गल्लीतल्या मंडळानं सत्काराचा घाट घातला. कोपऱ्यावर मोठा फलक लागला, त्यावर मेस्त्रींचा फोटो आणि शेजारी वाघ. फेटा बांधला, हार घातला. एक पुढारी त्यांच्या शौर्यावर बोलत असताना मेस्त्री मधेच उठले, फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि माईकपाशी येऊन म्हणाले, "एकाला काढलं. एक आत ऱ्हायला. त्याच्या घरी अजून मी गेल्यालो न्हाय." आणि सरळ घरी निघून आले. लोकांना ते आवडलं नाही. डोक्यावर परिणाम झालाय म्हणाले.

दोन दिवसांनी गच्चीवर शेंगा वाळत घातल्या होत्या. मी आणि सुमनताई फोडत बसलो होतो. मेस्त्री आले, डाव्या हातानं शेंगा फोडायला लागले आणि कुणी न विचारता सांगू लागले.

स्फोट झाला तेव्हा ते इंजिनरूममधल्या वर्कशॉपमध्ये होते. दिवे गेले. धूर आणि त्यामागून पाणी. ते चाचपडत दाराबाहेर आले तेव्हा लोखंडावर ठोकल्याचा आवाज ऐकू आला. मग कळलं, आवाज एक नाही, दोन आहेत.

"उजवीकडनं एक, खालनं एक," मेस्त्री म्हणाले. "उजवीकडचं दार जवळ हुतं. मी तिकडं गेलो."

ते दार स्फोटानं वाकून अडकलं होतं. त्यांनी पहार घातली, ती निसटून मनगट मोडलं, तरी खांदा लावून फट पाडली आणि आतल्या माणसाला ओढून बाहेर काढलं. तो रफीक, बांगलादेशचा, इंजिनला तेलपाणी करणारा. तोवर खालच्या शिडीच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या. दुसरा आवाज थांबला होता. वर बोटीत बसल्यावर हजेरी घेतली तेव्हा कळलं, खाली वर्गीस साहेब होते. केरळचे, सेकंड इंजिनिअर, रोज मेस्त्रींच्या शेजारी बसून जेवणारे.

मी म्हणाले, तुम्हाला कसं कळणार होतं खाली कोण आहे ते.

"कळून तरी काय केलं असतं?" मेस्त्री म्हणाले. "लोखंडावर ठोकल्यालं सगळ्याचं सारकंच वाजतंय बाई." मग एक शेंग फोडली आणि म्हणाले, "जन्मभर कान लावून ऐकलं. आनि त्या दिशी दोन ऐकू आलं."

प्लास्टर निघाल्यावर ते केरळला गेले. सुमनताईंनी 'मी बी येतो' म्हणून आमच्याकडच्या बायकांच्या रीतीनं जाहीर केलं आणि बरोबर गुळाची ढेप घेतली. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणाल्या. तिथं जे झालं ते मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, पण जुळलं सगळं.

वर्गीस साहेबांचं लग्न झालं नव्हतं. घरी आई आणि बहीण. बहिणीला हिंदी येत होती, ती आईला सांगायची. मेस्त्रींनी काहीही न लपवता सांगितलं. दोन आवाज होते, मी दुसरीकडं गेलो. सांगून झाल्यावर ते मान खाली घालून बसले.

आईनं पहिला प्रश्न विचारला, तो शेवटपर्यंत ठोकत होता का? मेस्त्री म्हणाले, हो. मग तिनं विचारलं, आणि तुम्ही ऐकत होता? मेस्त्री म्हणाले, हो, दार उघडेपर्यंत ऐकत होतो. म्हातारीनं डोळे पुसले. मुलीला म्हणाली, म्हणजे तो एकटा नव्हता. कुणीतरी होतं.

मग तिनं वाचलेल्या माणसाबद्दल विचारलं. त्याला मुलं आहेत का? दोन मुली आहेत म्हटल्यावर म्हणाली, मला त्याच्याशी बोलायचंय. मेस्त्रींनी रफीकला व्हिडिओवर बोलावलं. म्हातारी मल्याळममध्ये बोलत होती, तो बांगलात. दोघं दहा मिनिटं बोलले, रफीकनं मुलींना कॅमेऱ्यासमोर उभं केलं, त्यांनी हात हलवले. कुणाला काही कळलं नाही आणि कुणी मधे बोललंही नाही. त्यानंतर म्हातारीनं पानं वाढायला घेतली. मेस्त्रींच्या पानात दुसऱ्यांदा भात वाढला तेव्हा त्यांनी नको म्हटलं. तिनं ऐकलं नाही.

परत आला तो माणूस थोडा वेगळा होता. बोलणं पुन्हा सुरू झालं. मात्र एक नवीनच खोड लागली होती. कुठंही गेले तरी बसण्याआधी बाहेर पडायच्या वाटा मोजायच्या. एका लग्नात, मंगल कार्यालयाच्या मागच्या दाराला कुलूप दिसल्यावर त्यांनी व्यवस्थापकाला बोलावलं आणि म्हणाले, पावणं, कुलूप काढा, मग जेवतो. तीनशे माणसांची पंगत खोळंबली. अखेर नवऱ्या मुलाच्या मामानं किल्ली शोधून आणली. लोक हसले, सुमनताई लाजल्या, मेस्त्री शांतपणे पानावर बसले.

त्यातूनच रविवारची शाळा निघाली. पन्हाळ्याकडची, कागल-मुरगूडकडची बरीच माणसं अलीकडं जहाजावर नोकरीला जातात. कुणी फिटर, कुणी वेल्डर, कुणी स्वयंपाकी. त्यांना कंपनीचं शिक्षण असतंच, पण मेस्त्रींचं म्हणणं होतं, की ते दिवे लागलेले असताना दिलेलं शिक्षण. त्यांनी कारखान्यातल्या जुन्या मालकाची शेड रविवारपुरती मागून घेतली. येईल त्याला फुकट शिकवायचं.

शिकवणं साधंच होतं. डोळ्यांवर टॉवेल बांधायचा, डावा हात भिंतीला लावायचा, पावलं मोजत दारापर्यंत जायचं. वाटेत त्यांनी पिंपं आडवी टाकलेली असायची. ओरडायचं नाही, दम संपतो. ठोकायचं, पण तीनदा ठोकून थांबायचं, म्हणजे बाहेरच्याला कुठून येतंय ते कळतं. दाराच्या दोन्ही बाजूंना पहार हवी, नसेल तर जहाजावर चढल्या दिवशी मागून घ्यायची. माझ्याकडं त्यांनी भिंतीवर जगाचा नकाशा काढायचं काम दिलं. मी त्यावर सगळ्या सामुद्रधुन्या काढल्या, आणि लढाई चालू असलेले पट्टे लाल रंगानं भरले. करारावर सही करण्याआधी जहाज कुठून जाणार ते विचारायचं, लढाईच्या पट्ट्यात जायला नाही म्हणता येतं, हेही मेस्त्री सांगायचे. कुणी म्हणालं, नाही म्हटलं तर भित्रा म्हणतील, की मेस्त्री म्हणायचे, "म्हणू देत. भित्रा म्हणून घरी आल्याला लई चांगला."

पहिल्या रविवारी चौघं आले. वर्षभरात तीस-पस्तीस जण शिकून गेले. त्यातला एक प्रकाश, पन्हाळ्याखालच्या गावचा वेल्डर, दोन मुलांचा बाप. हा शाळेत सगळ्यांत कच्चा. डोळे बांधले की हटकून पिंपाला धडकायचा आणि शिव्या घालायचा. मेस्त्री त्याला पुन्हा पहिल्यापासून चालायला लावायचे.

गेल्या हिवाळ्यात प्रकाशचं जहाज बंदरात उभं असताना त्यावर ड्रोन पडला. आम्हाला बातमी टीव्हीवरूनच कळली. मेस्त्रींनी त्या दिवशी अन्नाला हात लावला नाही. तीन दिवसांनी प्रकाशच्या बायकोचा फोन आला, सगळे सुखरूप आहेत म्हणून, आणि पंधरा दिवसांनी प्रकाश स्वतः पेढे घेऊन दारात उभा राहिला. भुवया जळलेल्या, बाकी धड.

मेस्त्रींनी त्याला बस म्हटलं नाही. उंबऱ्यातच विचारलं, "किती जण आत हुता?"

"तिगं."

"भाईर किती आला?"

"तिगं, मेस्त्री."

मेस्त्रींनी पेढ्याचा पुडा घेतला आणि न उघडताच मागं केला. सुमनताईंनी पुढं होऊन धरला. मेस्त्री प्रकाशला आत घेऊन आले आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "सांग. सगळं सांग. पावलं किती मोजलीस तितनं सुरू कर." प्रकाशनं सांगितलं. दोघं दीड तास बोलत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मेस्त्रींनी केरळला फोन लावून म्हातारीच्या मुलीला हे सगळं सांगितलं.

यंदा मी कोल्हापूर सोडलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, मुलगा पुण्याला बोलवत होता. त्याच सुमारास मेस्त्रींनीही पुन्हा जहाजावर जायचं ठरवलं. एक कान गेला तरी दुसरा आहे, म्हणाले. कंपनीला त्यांनी लेखी कळवलं, की जहाज आफ्रिकेला वळसा घालून जाणार असेल तरच येतो. पंधरा दिवस जास्त लागतील, लागू देत. कंपनीनं मान्य केलं. सुमनताई हो म्हणतील असं मला वाटलं नव्हतं. आठवडाभर त्या घरातली कामंच काढत राहिल्या. मग त्यांनी मेस्त्रींना आपली एक अट सांगितली. ती काय, ते मला दोघांनीही सांगितलं नाही.

माझं सामान टेम्पोत भरलं तो रविवार होता. फ्रिज मेस्त्रींनीच दोघांना घेऊन जिन्यावरून उतरवला, दोरी स्वतः आवळली आणि शाळेची वेळ झाली म्हणून निघून गेले. निरोप वगैरे काही घेतला नाही. सुमनताईही कुठं दिसेनात. मी किल्ली शेजारी दिली आणि ड्रायव्हरला उद्यमनगरातून गाडी घ्यायला सांगितली.

शेडचं शटर वर होतं. मी गाडी थांबवली, पण उतरले नाही. आत सात-आठ माणसं भिंतीला टेकून उभी होती. मधल्या मोकळ्या जागेत सुमनताई चालत होत्या. पदर कमरेला खोचलेला, डोळ्यांवर टॉवेल, डावा हात भिंतीवर. ओठ हलत होते, पावलं मोजत असाव्यात. त्यांची अट 'मला बी शिकवा' हीच असणार, हे मला तिथं कळलं. एका पिंपापाशी त्यांचा पाय अडखळला. त्या थांबल्या, पायानं चाचपलं, वळसा घातला आणि पुन्हा भिंत धरली. त्यांच्या एक पाऊल मागं मेस्त्री चालले होते, दोन्ही हात पुढं धरून, त्यांना कुठंही लागणार नाहीत असे.